धडकेनंतर स्टेअरिंग बिघडलं? अलाइनमेंटला गाडी लावण्याआधी हे तपासा

महामार्गावर दुभाजकाला चाक घासलं, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीचा कोपरा लागला, नाहीतर पावसात यवतेश्वर घाटात गाडी कठड्यावर गेली, की साताऱ्यात पहिला सल्ला ठरलेला असतो: "अलाइनमेंट मारून घ्या, होईल सरळ." गाडी सरळ होतेही. स्टेअरिंग मधोमध येतं, मालक खूश होतो, आणि काही महिन्यांत पुढचा टायर आतल्या कडेला तार दिसेपर्यंत खाल्लेला असतो. मग टायरच्या नावाने बोटं मोडली जातात.

खरं दुखणं असतं वाकलेल्या लोअर आर्ममध्ये (चाकाला खालून धरणारा हात), नकलमध्ये (चाकाचा हब ज्यात बसतो तो वळणारा लोखंडी भाग), नाहीतर सरकलेल्या क्रॉस मेंबरमध्ये (इंजिनाखालचा आडवा आधार). अलाइनमेंटचं मशीन चाकांचे कोन मोजतं. त्यातला टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर आहे ते, टाय रॉडवर (स्टेअरिंगकडून चाक वळवणारी दांडी) फिरवता येतो. कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) मात्र बहुतेक छोट्या गाड्यांत कंपनीतूनच ठरून येतात, ते फिरवायची सोयच नसते. त्यामुळे आर्म वाकून कॅम्बर बिघडला असेल तर टो फिरवून फक्त लक्षण झाकलं जातं. माझा सगळा आग्रह कामाच्या क्रमाचा आहे. आधी मोजमाप, मग वाकलेला पार्ट शोधून तो बदलणं, आणि अलाइनमेंट अगदी शेवटी. हे मी मुख्यतः मालकांसाठी लिहितोय, म्हणजे गॅरेजमध्ये उभं राहून योग्य प्रश्न विचारता येतील. नव्याने या कामाला लागलेल्या पोरांनाही उपयोग होईल.

धडक बसली त्या जागी

माणसं आधी. कुणाला लागलं असेल तर ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही मदतीचा नंबर चालतो. गाडीचे इंडिकेटर चालू करा, इशाऱ्याचा लाल त्रिकोण लांब मागे ठेवा आणि माणसांना दुभाजकाजवळ न थांबवता रस्त्याच्या कडेला, वाहनांपासून लांब सुरक्षित जागी न्या.

मग गाडीसमोर चार पावलांवर उभे राहून पुढची दोन्ही चाकं एकदम पाहा. एक चाक सरळ आणि दुसरं आत किंवा बाहेर तोंड करून उभं असेल, टायर मडगार्डला किंवा आतल्या लायनिंगला टेकत असेल, स्टेअरिंग अडखळत असेल, खाली ऑइल किंवा कुलंट सांडलं असेल, एअरबॅग उघडली असेल, तर यातलं एकही लक्षण पुरेसं आहे. ती गाडी चालवायची नाही. "आनेवाडी टोलनाक्यापासून सातारा कितीसं लांब, हळूहळू नेतो" असं म्हणून निघणारे बरेच असतात. वाकलेल्या टाय रॉडला बारीक चीर गेलेली असली तर ती डोळ्याला दिसत नाही. रॉड सुटला की ते चाक स्वतःच्या मर्जीने वळतं, मग स्टेअरिंग हातात असून उपयोग नसतो.

पुढच्या चाकाला मार असेल तर फ्लॅटबेड मागवा, म्हणजे चारही चाकं वर. क्रेनवाला साखळी लोअर आर्मला किंवा टाय रॉडला अडकवत असेल तर त्याला थांबवा. निम्म्या वाकलेल्या आर्मला तिथेच पूर्ण वाक येतो. बऱ्याच गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये झाकणाआड टोइंग हुक लावायची जागा असते आणि हुक डिकीत जॅकजवळ मिळतो. ओढण्यासाठी कंपनीने दिलेली जागा तीच आहे.

गाडी उचलण्याआधी फोटो काढा. दोन्ही चाकं समोरून, प्रत्येक चाक बाजूने, टायर आणि मडगार्डमधली फट, आणि आत बसून स्टेअरिंग कुठे उभं आहे त्याचा. विम्यासाठी हे लागतातच, पण निदानासाठी त्याहून जास्त लागतात. धडकेच्या क्षणी चाक कुठे होतं हे नंतर कुणालाच आठवत नाही.

विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, पाहून जाईपर्यंत गाडीचा एक बोल्टही सोडू देऊ नका. स्टेअरिंगच्या बाबतीत एक गोष्ट हमखास घडते. पहिल्या पाहणीत बंपर, लाइट, बॉनेट असं दिसणारं नुकसान लिहिलं जातं, आणि रॅक (स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून टाय रॉड ढकलणारा भाग) किंवा क्रॉस मेंबरचा मार खोलल्यावर समोर येतो. तेव्हा काम थांबवून सर्व्हेअरला पुन्हा बोलवायचं, मार लागलेला पार्ट जागेवर असतानाच दाखवायचा आणि वाढीव अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचं. पार्ट बदलून झाल्यावर सांगितलं तर दाव्यात अडतं. साध्या पॉलिसीत रबर आणि प्लॅस्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात: पहिले सहा महिने काही नाही, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, घेतलेलं असेल तर ही कपात बहुतांशी वाचते. गाडीला मार लागून सोबत टायरही गेला असेल तर त्याचा दावा लागतो, तोही निम्म्यापर्यंतच.

मार कुठून आला

शोध कुठून सुरू करायचा हे धडकेच्या दिशेवरून ठरतं. आपल्याकडे साधारण चार प्रकार दिसतात.

चाक खड्ड्यात आपटलं किंवा दुभाजकाच्या दगडावर चढलं, तर बॉडीला ओरखडाही नसतो. सगळा मार रिम, टायर, टाय रॉड आणि लोअर आर्मने खाल्लेला असतो. हाच प्रकार सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो, कारण बाहेरून काही दिसत नाही.

ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्याला धडक बसली तर मार वर आणि एका बाजूला असतो. बॉनेट आणि मडगार्ड चेपतात, एप्रन (चाकावरचा आतला पत्रा) आत येतो आणि त्याबरोबर शॉकअपचं वरचं टोक सरकतं. खालचे पार्ट साबूत असू शकतात, आणि म्हणून खाली वाकून पाहणाऱ्या मिस्त्रीला काहीच सापडत नाही.

पुढच्या चाकावर आडवा मार, म्हणजे चौकात बाजूने कुणी घुसलं, तर नकल, शॉकअप आणि हब (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो मधला भाग) यांवर संशय घ्या. आणि मागून किंवा मागच्या चाकावर मार असेल तर पुढे शोधत बसू नका. मागचा बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) सरकला की गाडी रस्त्यावर तिरकी पळते आणि सरळ जायला स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. पुढचं सगळं ठीक असूनही मालकाची तक्रार स्टेअरिंगचीच असते.

गाडी चालवताना काय जाणवतं

हे फक्त सौम्य मार असलेल्या, चालवण्याजोग्या गाडीसाठी. आधी चारही टायरांत कंपनीने सांगितलेली हवा भरा. निम्म्या तक्रारींचा अर्थ त्यानंतर बदलतो.

गाडी सरळ जातेय पण स्टेअरिंग वाकडं उभं राहतंय, तर एका बाजूचा टाय रॉड वाकला असण्याची शक्यता मोठी. क्रॉस मेंबर सरकून रॅकच एका बाजूला गेला असेल तरी हेच दिसतं.

गाडी एका बाजूला ओढते, हे थोडं फसवं लक्षण आहे. आपले रस्ते मधोमध उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडून चालणारी चांगली गाडीही हात सोडला तर किंचित डावीकडे कलते. म्हणून ओढ तपासायला सपाट जागा निवडा किंवा रिकाम्या रस्त्यावर दोन्ही दिशांनी पाहा. तरीही ओढत असेल तर पुढचे टायर डावे-उजवे बदला. ओढ बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे, आतली तार तुटलेली असू शकते. नाही बदलली तर चार-पाच किलोमीटर चालवून थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात नेऊन बघा, लगेच टेकवू नका. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच तापली असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. हेही नसेल तर कोनांचा मामला आहे. ज्या बाजूचा कॅस्टर कमी झाला त्या बाजूला गाडी ओढते, आणि ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह झाला त्या बाजूला ओढते.

वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप मागे येत नसेल तर कॅस्टर घटला आहे, शॉकअपच्या वरचं बेअरिंग दाबलं गेलं आहे किंवा कॉलमचा (स्टेअरिंगपासून खाली रॅककडे जाणारा दांडा) जॉइंट अडकतोय. साधारण ६० ते ९० च्या वेगात स्टेअरिंग थरथरत असेल तर रिम, टायर किंवा हब. ब्रेक मारतानाच थरथरत असेल तर डिस्क किंवा हबचा चेहरा पाहा. खड्ड्यात कट-कट असा आवाज येत असेल तर टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा), आर्मचे बुश (सांध्यातले रबर) आणि रॅक बसवण्याचे बोल्ट.

ओळंबा, खडू आणि टेप

मशीनवर जाण्याआधीची ही मोजमापं मला सगळ्यात मोलाची वाटतात, कारण त्यांना खर्च नाही आणि ती खोटं बोलत नाहीत. गाडी सपाट फरशीवर घ्या, डिकीतलं सामान काढा, चाकं सरळ करा.

डाव्या पुढच्या हबच्या मध्यापासून डाव्या मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप धरा. तसंच उजवीकडे. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मार लागलेली बाजू पाच-सहा मिलिमीटरहून जास्त कमी भरली तर ते चाक मागे सरकलं आहे. आर्म वाकला आहे, क्रॉस मेंबर सरकला आहे किंवा चेसिसचा पाय (गाडीच्या सांगाड्याचा लांब उभा भाग) आखडला आहे, तिन्हीपैकी एक.

मग टायर आणि शॉकअपच्या नळीमधली फट पाहा. डावीकडे दोन बोटं आरामात जातात आणि उजवीकडे एकच कशीबशी, तर उजवा शॉकअप किंवा नकल वाकलेला आहे. लोअर आर्म वाकला तर ही फट बदलत नाही, कारण चाक आणि शॉकअप दोन्ही मिळून कलतात. इतक्या साध्या तपासणीने दोन संशयितांतला एक बाद होतो.

कॅम्बरचा अंदाज ओळंब्याने येतो. मडगार्डला ओळंबा असा लटकवा की दोरा चाकाच्या मधोमध समोरून खाली येईल. दोऱ्यापासून रिमच्या वरच्या कडेचं आणि खालच्या कडेचं अंतर मोजा. १४ इंची रिमवर या दोन अंतरांत सुमारे ७ मिलिमीटर फरक म्हणजे साधारण १ अंश. इथे नेमक्या अंशाचा हट्ट नको, डाव्या-उजव्यातला फरक पाहायचा. दोन चाकांत अर्ध्या अंशाहून जास्त तफावत असेल तर काहीतरी वाकलंय असंच धरून पुढे चला.

आता कर्ण. गाडीखाली चेसिसच्या दोन्ही पायांना कंपनीतूनच पाडलेली एकसारखी भोकं असतात. पुढे क्रॉस मेंबरजवळची एक जोडी आणि मागे सीटखालची एक जोडी निवडा. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर त्याच्या टोकाखाली खडूने फुली मारा. गाडी मागे ढकला. जमिनीवर चार फुल्या उरतात. पुढची डावी ते मागची उजवी, आणि पुढची उजवी ते मागची डावी, असे दोन्ही कर्ण मोजा. सुतार दाराची चौकट गुण्यात आहे की नाही हे असंच पाहतो. कर्णांत तीनेक मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून बराच जास्त आला तर आधी चेसिस बेंचवर (गाडी घट्ट धरून सांगाडा ओढायची चौकट) ओढून घ्यायचं काम आहे. तोवर स्टेअरिंगचा एकही पार्ट विकत घेऊ नका.

गाडी जॅकवर

गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. विटा, दगड, रिकामी रिम हे आधार नव्हेत. स्टँड लावा, मागच्या चाकांना ओट, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून अडकण, लावा, आणि मगच हात घाला.

चाक घड्याळाच्या ९ आणि ३ वर धरून हलवा. खेळ जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या आतला रॅक एंड. दुसऱ्या माणसाला हळू हलवायला सांगून तुम्ही जॉइंटवर बोटं ठेवा. कुठे खटका बसतोय ते बोटांना लगेच कळतं. मग १२ आणि ६ वर धरून हलवा. इथला खेळ हबच्या बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा (आर्म आणि नकल जोडणारा गोल सांधा). ब्रेक दाबून धरल्यावर तो नाहीसा झाला तर बेअरिंगचा.

चाक हाताने फिरवा आणि एक जाड खिळा किंवा पेन्सिल स्टँडवर टेकवून टोक रिमच्या कडेजवळ धरा. फट फिरताना कमी-जास्त होत असेल तर रिम आऊट आहे किंवा हब वाकलाय. कोणतं ते ओळखायला तिथे चांगली रिम लावून पुन्हा फिरवा. डायल गेज असेल तर उत्तमच.

रॅकचे रबरी बूट सोडून मागे सरकवा. आतल्या रॉडवर गंज, पाणी किंवा एका बाजूला चकाकी आहे का पाहा. स्टेअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवताना किती फेरे लागतात ते मोजा, आणि बरोबर निम्म्यावर आणून थांबा. चाकं सरळ दिसायला हवीत. फिरवताना एका ठरावीक जागी दर वेळी जड जात असेल तर रॅकचा दांडा बहुधा वाकला आहे. अशा रॅकला दुरुस्ती नाही.

क्रॉस मेंबरचे बोल्ट टॉर्चने नीट पाहा. कंपनीत बसवलेल्या बोल्टच्या वॉशरभोवती मळ आणि रंगाचं जुनं वर्तुळ असतं. वॉशरच्या कडेला चंद्रकोरीसारखी चकचकीत पट्टी उघडी पडली असेल तर मेंबर तेवढाच सरकला आहे.

कोरेगाव रस्त्यावर ट्रॉलीला घासलेली एक हॅचबॅक गेल्या हंगामात आली होती. तिचं अलाइनमेंट आधी दुसरीकडे करून झालं होतं, टो अगदी आकड्यात होता, आणि तरी गाडी उजवीकडे ओढत होती. उजवा लोअर आर्म जागेवर असताना निर्दोष दिसत होता. काढून नव्या आर्मवर ठेवला, बुशची भोकं जुळवली, आणि बॉल जॉइंटचं भोक बोटाच्या अर्ध्या पेराएवढं मागे गेलेलं दिसलं. आर्मच्या पत्र्यावर कुठेही घडी नव्हती, फक्त एका वळणावर काळा रंग बारीक तडकला होता. जागेवरून नजरेने असा वाक कळत नाही. जुना आणि नवा एकावर एक ठेवा, नाहीतर डावा-उजवा सारख्या घडणीचे असतील तर एकमेकांना उलटे जोडून पाहा.

स्टेअरिंग जड झालं असेल तर

इथे एकेक भाग सोडवत जायचं. पुढची दोन्ही चाकं वर उचला आणि फिरवा. हलकं झालं तर टायर, हवा किंवा पॉवर स्टेअरिंगची मदत. तरीही जड असेल तर दोन्ही टाय रॉड एंड नकलपासून सोडा आणि पुन्हा फिरवा. आता हलकं झालं म्हणजे अडचण खाली आहे: बॉल जॉइंट किंवा शॉकअपचं वरचं बेअरिंग. प्रत्येक चाक हाताने डावं-उजवं वळवून कोणती बाजू अडकते ते पाहा. अजूनही जड असेल तर रॅक किंवा कॉलम. मधला शाफ्ट रॅकपासून सोडला की ते दोघेही वेगळे होतात. सोडण्याआधी शाफ्ट आणि रॅकच्या दांड्यावर एका रेषेत खूण करा आणि स्टेअरिंगचं चाक दोरीने किंवा सीटबेल्टने बांधून ठेवा. शाफ्ट सुटलेला असताना स्टेअरिंग मोकळं गरगर फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टेअरिंगमधली वायरची गुंडाळी) तुटते.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पॉवर स्टेअरिंग इलेक्ट्रिक असतं, मोटर कॉलमवर किंवा रॅकवर. मीटरमध्ये स्टेअरिंगचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय काहीही उघडू नका. बॅटरी कमजोर झाली किंवा धडकेत एखादा कपलर (वायरचा जोड) सैल झाला तरी हा दिवा लागतो, आणि त्यासाठी अख्खा कॉलम बदलायला निघणारे भेटतात. उलट समोरून जोराची धडक असेल तर दिवा नसला तरी कॉलम तपासा. ड्रायव्हरची छाती वाचावी म्हणून तो आखडायला बनवलेला असतो. एकदा आखडला की त्याचं काम झालं. तो ओढून लांब करायचा नसतो, बदलायचा असतो.

अलाइनमेंटचा कागद निदानासाठी वाचा

आता गाडी मशीनवर न्या, पण सांगून न्या: "काही फिरवू नका, फक्त मोजून प्रिंट द्या." चांगलं मशीन टो, कॅम्बर, कॅस्टर यांसोबत एसएआय आणि इन्क्लुडेड अँगलही देतं. नसेल येत तर मागून घ्या, कारण खरी मेख तिथे आहे. एसएआय म्हणजे चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं त्या अक्षाचा कल. त्यात कॅम्बर मिळवला की इन्क्लुडेड अँगल.

एसएआय बरोबर आहे पण कॅम्बर आणि इन्क्लुडेड अँगल दोन्ही बिघडलेत, तर नकल किंवा शॉकअपची नळी वाकली आहे. एसएआय कमी, कॅम्बर जास्त, पण बेरीज बरोबर, तर लोअर आर्म वाकून आखूड झाला आहे किंवा शॉकअपचा वरचा टॉवर (एप्रनमधली जागा, जिथे शॉकअपचं वरचं टोक बसतं) बाहेर सरकला आहे. एसएआय जास्त, कॅम्बर कमी, बेरीज बरोबर, तर टॉवर आत आला आहे. ट्रॉलीचा कोपरा वरून लागलेल्या गाड्यांत हेच सापडतं. दोन शक्यता उरल्या तर मघाची टेपची मोजमापं निकाल देतात. हे तीन आकडे एकत्र वाचायला शिकलेला माणूस चुकीचा पार्ट मागवत नाही.

कॅस्टर एका बाजूला कमी आणि चाक मागे असेल तर आर्म किंवा क्रॉस मेंबर. टर्न टेबलवर (चाकाखालची, अंश दाखवणारी फिरती थाळी) आतलं चाक २० अंश वळवून बाहेरचं किती वळतं ते दोन्ही बाजूंनी मोजा. डाव्या-उजव्या वळणांत दीड अंशाहून जास्त फरक असेल तर नकलचा टाय रॉड धरणारा हात वाकला आहे. मागच्या चाकांचा थ्रस्ट अँगल (गाडीच्या मधल्या रेषेपासून ती किती तिरकी आहेत ते) शून्यापासून दूर असेल तर बीम पाहा.

काय बदलायचं

टाय रॉड, टाय रॉड एंड, रॅक, नकल, लोअर आर्म, बॉल जॉइंट. यातला कुठलाही पार्ट वाकला तर नवा घालायचा. तापवून, ठोकून किंवा वेल्डिंग करून सरळ करायचा नाही. "अहो, दाबून देतो मस्त, नव्याचे पैसे कशाला" असं प्रेमाने सांगणारा मिस्त्री वाईट हेतूने बोलत नसतो, पण तापवल्यावर त्या लोखंडाची मुळातली ताकद जाते आणि वाकलेल्या जागी चीर सुरू झालेली असू शकते. खंबाटकीच्या वळणावर ती चीर पुरी झाली तर काय होईल याचा विचार करा आणि ठाम नाही म्हणा. जुन्या बाजारातला नकल किंवा रॅकही मी घेणार नाही, कारण तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या अपघातातूनच आलेला असतो. टाय रॉड एका बाजूचा वाकला असेल तर त्या बाजूचा रॅक एंडही बदला. मार त्यातूनच पुढे गेलेला असतो.

क्रॉस मेंबर नुसता सरकला असेल, वाकलेला नसेल, तर बोल्ट सैल करून मापाप्रमाणे मध्यावर आणता येतो. एप्रन किंवा चेसिसचा पाय ओढायचा असेल तर मोजमापाची सोय असलेला बेंच हवा. साखळी लावून अंदाजाने ओढणाऱ्याकडे हे काम देऊ नका. ओढण्याआधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर मागा.

बसवताना

इथे घाई झाली की आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

एअरबॅगच्या आसपास हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. जुना टाय रॉड एंड काढताना तो किती फेऱ्यांत सुटला ते मोजून ठेवा आणि नवा तितक्याच फेऱ्या आत घ्या, म्हणजे मशीनपर्यंत गाडी नीट जाते. दोन्ही बाजूंना चुड्या साधारण सारख्या दिसायला हव्यात. फार फरक असेल तर अजून काहीतरी वाकलेलं सुटलं आहे.

आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी स्टँडवर असताना पूर्ण कसू नका. चाक खाली टेकवून, गाडीचं वजन त्यावर आल्यावर कसा. लटकत्या अवस्थेत कसलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. कॅसल नट (खाचा असलेला नट) टॉर्कच्या पान्याने कसल्यावर त्याला अडवणाऱ्या स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे कसून जुळवा, मागे सोडून नाही. पिन जुनी वापरू नका. कंपनीने एकदाच वापरायचे म्हटलेले बोल्ट नवेच घाला.

यानंतर अलाइनमेंट. हवा तपासा, मागचा अक्ष आधी पाहा, स्टेअरिंग मधोमध लॉक करा आणि शेवटी टो दोन्ही बाजूंनी वाटून फिरवा. एकाच बाजूचा रॉड फिरवला की स्टेअरिंग पुन्हा वाकडं. गाडीत ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असेल तर स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरवर शून्यावर आणावा लागतो, नाहीतर सरळ रस्त्यावर गाडीला आपण वळतोय असं वाटतं आणि दिवा लागतो. बंपरमागे रडार किंवा काचेवर कॅमेरा असलेल्या गाडीला त्यांचं कॅलिब्रेशनही लागेल, आणि ते कंपनीच्या पद्धतीनेच.

चाचणी

पहिली चक्कर एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर, २०-३० च्या वेगात. दोन्ही बाजूंना पूर्ण लॉक मारून टायर कुठे घासतोय का ऐका. मग थांबून खाली वाकून पाहा: पिना, बूट, गळती. ठीक असेल तर महामार्गावर ६० ते ८०, ओढ आणि थरथर यांसाठी. गाडी दुरुस्त होऊन बाहेर आली की थेट यवतेश्वर किंवा पसरणी घाटात पळवून "बघू कशी वळते" म्हणणं धोक्याचं आहे. घाट शेवटी, आणि तोही दिवसा, उतारावर वेग कमी ठेवून.

काढलेले पार्ट गॅरेजमधून मागून घ्या किंवा निदान डोळ्यांनी पाहा. विम्याचं काम असेल तर ते कंपनीकडे जमा होतात, पण फोटो तुमच्याकडे राहू द्या. अलाइनमेंटचे दोन्ही प्रिंट, आधीचा आणि नंतरचा, गाडीच्या कागदांत ठेवा.

काही शे किलोमीटर झाल्यावर पुढच्या दोन्ही टायरांवर तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं तर टो अजून बरोबर नाही. तसं असेल तर टायर पुरता खाल्ला जाण्याआधी गाडी पुन्हा मशीनवर घ्या आणि नवा प्रिंट जुन्याशेजारी ठेवून ज्या चाकाचा आकडा सरकला आहे त्याच चाकाच्या जॉइंटपासून तपासणी परत सुरू करा.